स्वभाव पटतो, पण मन ओढ घेत नाही: थांबावे की नाही म्हणावे?

प्रश्न – शांतमना

माझे वय २८ आहे. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका युवकाशी गेले पाच महिने माझे बोलणे चालू आहे आणि ते दोघांच्याही घरी ठाऊक आहे. लग्नाच्या दृष्टीने एकमेकांना ओळखावे, हा हेतू त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितला होता, त्यामुळे लपवाछपवी काही नाही. ते शब्दाला पक्के आहेत, प्रार्थनेचा देखावा करत नाहीत, आणि मतभेद झाला तरी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. एवढे असूनही त्यांचा फोन आला की आनंदाआधी माझ्या मनात "आता काय बोलायचे" हाच विचार येतो, आणि याची मला लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले होते. तेव्हा ओढ इतकी होती की समोरच्याचे खोटे बोलणे दिसत असूनही मी त्याला कारणे शोधून देत असे. ते नाते वाईट रीतीने संपले, आणि तेव्हापासून ओढ या गोष्टीवरच माझा विश्वास उरलेला नाही. आता मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई सांगतात की आकर्षण ही देहाची गोष्ट आहे, चारित्र्य पाहा आणि होकार द्या. माझी मैत्रीण सांगते की मन धावत नसेल तर तो देवाचाच नकार समजावा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दृष्टीने आकर्षणाची अपेक्षा धरणे चूक आहे का, आणि धीर धरायचा तर किती काळ?

उत्तर – दीपस्तंभ

ताई, बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात इसहाक आणि रिबका यांनी एकमेकांना पाहण्याआधीच विवाह ठरला होता. इसहाकाच्या वडिलांच्या सेवकाने मुलीची पारख विहिरीवर केली, आणि तीही एका प्रवाशाला पाणी दिले एवढ्यावर नव्हे, तर दहा उंटांसाठी न सांगता पाणी शेंदले यावर. तहानलेला एकेक उंट किती पाणी पितो याचा विचार केला, तर ती घटकाभराची शिष्टाई नव्हती, अंगमेहनत होती, हे ध्यानात येते. अध्यायाच्या शेवटच्या वचनातला क्रम पाहावा: इसहाकाने तिला पत्नी म्हणून स्वीकारले, आणि मग त्याचे तिच्यावर प्रेम बसले. नीतिसूत्रे या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायातही रूपाला फसवे आणि सौंदर्याला व्यर्थ म्हटले आहे. आपण वर्णन केलेला स्वभाव दुर्मीळ आहे. ओढ नंतर येऊ शकते. चारित्र्य लग्नानंतर येईल या आशेवर मात्र कोणीही बसू नये.

उत्तर – जैतून

वरच्या उत्तराचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे, परंतु तिथे पोहोचण्यासाठी घेतलेली वाट मान्य नाही. इसहाकाच्या कथेत घडलेला क्रम सांगितला आहे, नियम घालून दिलेला नाही. त्याच अध्यायाच्या १६ व्या वचनात रिबका दिसायला फार सुंदर होती असेही आवर्जून नोंदवले आहे, आणि ते आपण सोयीस्करपणे गाळतो. १ शमुवेल या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायाचे असेच होते. मनुष्य बाहेरचे पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, हे ७ वे वचन प्रत्येक युवक शिबिरात ऐकायला मिळते. पण तिथे इशायाच्या मुलांतून राजा निवडला जात होता, जोडीदार नव्हे, आणि पाचच वचने पुढे निवडल्या गेलेल्या दावीदाच्या सुंदर डोळ्यांचे वर्णन येते. शास्त्र सौंदर्याला घाबरत नाही. गीतरत्न हे अख्खे पुस्तक दोघांनी एकमेकांच्या रूपाची केलेली स्तुती आहे, आणि ते पवित्र शास्त्रातच आहे.

मात्र त्याच गीतरत्नात एक विनवणी तीनदा येते (२:७, ३:५ आणि ८:४): प्रीतीला तिची वेळ येण्याआधी जागे करू नका. माझ्या मते आपल्या दोन्ही अनुभवांना हे लागू पडते. पहिल्या वेळी ओळख होण्याआधीच प्रीती जागी झाली होती, आणि आता आपण तिला हलवून हलवून जागे करू पाहत आहात. ओढ आज्ञेने येत नाही. म्हणून ती नाही याची लाज वाटण्याचेही कारण नाही. केवळ नजरेवर चालणे कुठे नेते हे शमशोन या बलवान वीराने दाखवले आहे. शास्ते या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात "ती मला आवडली आहे, तीच मला मिळवून द्या" एवढेच त्याचे आईवडिलांशी बोलणे आहे. पण शमशोन चुकला म्हणून डोळे मिटून निर्णय घ्यावा, असे त्यातून निघत नाही.

आपल्या प्रश्नाला याहून जवळची मला रूथ या विधवेची गोष्ट वाटते. पुढे तिच्याशी लग्न करणारा बवाज तिला रूथ ३:११ मध्ये ज्या शब्दांत सद्गुणी म्हणतो, तेच इब्री शब्द नीतिसूत्रे ३१:१० मध्ये आहेत: एशेत हयिल. त्यातल्या हयिल या शब्दात बळ आणि शौर्य यांचा अर्थ आहे. निव्वळ सोशिकपणाचा नाही. आणि बवाजाला हे कळले कसे? जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत ती त्याच्या शेतात वेचत होती, सासूला सांभाळत होती, आणि हे गावाला दिसत होते. त्याने तिची मुलाखत घेतली नव्हती, तिला काम करताना पाहिले होते. आपण दोघे मुख्यतः फोनवर बोलत असाल, तर पाच महिन्यांत आपण एकमेकांची उत्तरे ओळखली आहेत, एकमेकांना नव्हे. मंडळीतले एखादे काम एकत्र करा, त्यांना त्यांच्या मित्रांत आणि त्यांच्या घरच्यांत पाहा, आणि त्यांनाही आपल्याला तसे पाहू द्या.

उत्तर – एक गृहिणी

मी शास्त्राची अभ्यासक नाही, म्हणून स्वतःचेच सांगते. लग्नाआधी माझ्या पतींबद्दल मला आदर होता, पण त्यापलीकडे काही वाटत नव्हते. एकदा मंडळीच्या कार्यक्रमाहून निघताना त्यांच्या दुचाकीची किल्ली मी सांभाळायला घेतली आणि हरवली. पाऊस चालू होता. पाऊण तास आम्ही दोघे चिखलात वाकून शोधत होतो, आणि त्या पाऊण तासात "नीट ठेवायची होतीस" हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आले नाही. शेवटी किल्ली माझ्याच छत्रीच्या घडीत सापडली. मला रडू येण्याच्या बेतात असताना ते असे मोठ्याने हसले की मीही हसू लागले, आणि भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या त्या माणसाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांचे रूप कालचेच होते.

गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो त्या गुणांची, नऊ नावे आहेत, पण सहनशीलता किंवा सौम्यता ही काही तोंडओळखीत दिसणारी गोष्ट नाही. ती दिसायला काहीतरी हरवावे लागते, बिघडावे लागते. एक मात्र स्पष्ट सांगते. माझ्या मनात तटस्थपणा होता, नकोसेपणा नव्हता. त्यांच्या जवळ बसणे नको वाटते, स्पर्शाच्या कल्पनेने अंग आखडते, असे आपल्याला होत असेल, तर धीराच्या नावाखाली ते दडपू नका. विवाह हे दोन देहांचेही एकत्र येणे आहे, आणि प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात ते कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

उत्तर – दुसऱ्या बाजूचा

मी आपल्या प्रश्नातल्या त्या युवकाच्या जागी होतो, म्हणून लिहितो. मंडळीतल्या एका बहिणीने मला चौदा महिने होकारही दिला नाही आणि नकारही. ती प्रामाणिक होती, माझा अपमान व्हावा अशी तिची इच्छा मुळीच नव्हती; ती फक्त ओढ येण्याची वाट पाहत होती, आणि हे तिने मला कधी सांगितले नाही. आसपासची माणसे सांगत राहिली की प्रार्थना कर, धीर धर, याकोबाने राहेलसाठी सात वर्षे सेवा केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. पण याकोबाला आपण कशासाठी थांबलो आहोत हे माहीत होते. (तरीही राहेलच्या वडिलांनी, लाबानाने, त्याला फसवलेच, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत.) मला मात्र कशासाठी आणि किती थांबायचे, यातले काहीच माहीत नव्हते. अखेर तिचा नकार आला तेव्हा दुःख नकाराचे कमी आणि त्या चौदा महिन्यांत मी स्वतःमध्ये शोधलेल्या दोषांचे जास्त झाले.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:६) या बाबतीत आपल्या बंधूचा गैरफायदा घेऊ नये असे लिहिले आहे. तिथला मूळ विषय जारकर्माचा आहे हे मला कळते, परंतु दुसऱ्याचा काळ आणि आशा विनाकारण अडवून ठेवणे हेही मला त्याच कुळातले वाटते. म्हणून आपण धीर धरणार असाल, तर त्यांना त्यात सामील करून घ्या. "मला आपल्याविषयी आदर आहे, ओढ अजून वाटत नाही, आणि मी अमुक दिवसांत स्पष्ट उत्तर देईन" एवढे सांगितले, की निर्णय त्यांच्याही हातात राहतो. त्यांना थांबायचे नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. आणि नकारच द्यायचा झाला, तर कृपा करून तो देवाच्या नावावर देऊ नका. "प्रभूने मला नाही सांगितले" या वाक्यापुढे समोरच्याला बोलायला काहीच उरत नाही.

उत्तर – दीपस्तंभ

जैतून यांचा आक्षेप रास्त आहे. रिबकेच्या सौंदर्याचे वचन मी वाचून पुढे गेलो होतो. वरचे उत्तर वाचल्यावर मी माझ्या सल्ल्यात एक दुरुस्ती करतो. युवकांना शिकवताना मी "थांबा" हा शब्द फार वेळा वापरला आहे आणि "बोला" हा फार कमी.

प्रत्युत्तर – शांतमना

सर्वांचे मनापासून आभार. गृहिणीताई, आपण केलेला भेद मी स्वतःला दोन दिवस विचारून पाहिला. नकोसेपणा नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. भीती आहे, आणि ती बरीचशी मागच्या नात्याची आहे. ती त्यांच्या खात्यावर लिहिणे अन्यायाचे होते.

काल रात्री मी त्यांना सगळे सांगितले आणि सहा आठवड्यांची मुदत मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की त्यांना वाईट वाटले आहे आणि वाटले नाही असे ते म्हणणार नाहीत, पण मुदत त्यांना मान्य आहे. त्यानंतर त्यांनी विचारले, "फोनवर मी शिक्षकासारखे प्रश्न विचारतो का?" मी "हो" म्हणाले, आणि पाच महिन्यांत प्रथमच आम्ही दोघे एकाच वेळी हसलो. पुढच्या रविवारपासून मुलांच्या संडे स्कूलचा एक वर्ग आम्ही मिळून घेणार आहोत. सहा आठवड्यांनी काय ठरेल ते आज माहीत नाही. फोन ठेवला तेव्हा सव्वा तास झाला होता, आणि "आता काय बोलायचे" हे एकदाही मनात आले नव्हते.