प्लिमथ: क्लबबरोबर पहिलाच रेक डाइव्ह (बुडालेल्या जहाजावरचा), जेम्स ईगन लेन की सिला?

बुडबुडा
तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) केलंय. एकूण १४ डाइव्ह, सगळे २७-२८ अंशांच्या पाण्यातले. आता इंग्लंडात प्लिमथला बीसॅकच्या (ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब) एका शाखेत नाव घातलंय. येत्या शनिवारी व्हिट्सँड बेमध्ये बोट जाणार आहे, जेम्स ईगन लेन किंवा सिला. पहिल्या खेपेला कुठलं जहाज बरं? १२ लिटरचं सिलिंडर पुरेल का? शिवाय दर बुधवारी सगळे पबमध्ये जमतात. मी पीत नाही, तरी जायलाच हवं का?

खारं पाणी
जेम्स ईगन लेन. १९४४ साली बांधलेलं लिबर्टी जहाज (दुसऱ्या महायुद्धातलं मालवाहू), २१ मार्च १९४५ ला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागून इथं बसलं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, अजून उभी आहे, वरचा भाग खूपच उथळ. माल भरायचे कप्पे वरून उघडे पडलेत, त्यामुळे आत न शिरताही भरपूर बघायला मिळतं. मागचा भाग तुटून वेगळा पडलाय, तो पहिल्या दिवशी शोधत बसू नका.

बीसॅक तुमचं कार्ड त्यांच्या पहिल्या पायरीच्या, ओशन डायव्हरच्या बरोबरीचं धरतं, म्हणजे मर्यादा २० मीटर. तळ त्याच्याखाली आहे. शिवाय प्लिमथला उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून 'जहाज इतकं खोल' हा आकडा वेळ सांगितल्याशिवाय निरर्थक. तळाला टेकायचं नाही, डेकच्या उंचीवर राहायचं.

आता हवा. २२० बारला १२ लिटर म्हणजे २६४० लिटर. २० मीटरवर दाब ३ बार, मिनिटाला २० लिटरचा श्वास धरला तर ६० लिटर जातात. २५ मिनिटांचे १५००, म्हणजे १२५ बार. उरले ९५. पुरतं, पण गार पाण्यात नवख्या माणसाचा श्वास २० लिटरवर थांबत नाही, २५ लिटर धरा. मग त्याच २५ मिनिटांना १५६ बार लागतात.

मागे किती ठेवायचं तेही मोजा. जोडीदाराची हवा संपली, दोघं तुमच्याच सिलिंडरवर, दोघांचे मिळून मिनिटाला ५० लिटर: खाली सावरायला एक मिनिट (१५०), वर यायला दोन (२००), पाच मीटरवर तीन (२२५). एकूण ५७५ लिटर, म्हणजे ४८ बार. लोक '५०ला वर या' म्हणतात तेव्हा त्यात चुकीला जेमतेम दोन बार उरतात. १०० बारला वर यायच्या दोरीकडे वळा, ७० ला वर निघा.

कोरडा_पण_गारठलेला
हवेचं वर आलंच आहे. नवखे अडकतात ते ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणारा, हवा भरायचा सूट). मेमध्ये पाणी १०-१२ अंश, सप्टेंबरात १६-१७. त्यामुळे ड्रायसूट लागणारच, आणि तो आधी तलावात वापरल्याशिवाय डाइव्ह मॅनेजरने बोटीत घेऊ नये.

डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह वर निघण्याआधी पूर्ण उघडा करा. कोपर खांद्याच्या वर नेलं तरच हवा निघते; हात खाली राहिला तर व्हॉल्व्ह उघडा असूनही हवा खांद्यातच अडकते आणि तुम्ही बुचासारखे वर. पाय वर झाले तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारा.

वजन: तारकर्लीचं ४-५ किलो विसरा, इथं १०-१४ लागतं. मात्र भारतातली सिलिंडरं बहुधा ॲल्युमिनियमची, शेवटी तरंगायला लागतात. इथली पोलादी तसं करत नाहीत, म्हणून एकदम चार किलो जास्त घालू नका. ५० बार उरलेले असताना, सूट जवळजवळ रिकामा ठेवून, तीन मीटरवर स्थिर राहता आलं की वजन बरोबर.

वर येताना खुणेचा बोया सोडाल तेव्हा त्याच्या दोरीची रील अंगाला अडकवायची नाही. अडकली तर हातातून सोडून द्या. रील गेली तर गेली.

बुडबुडा
धन्यवाद! एखाद्या भोकातून आत डोकावलं तर?

खारं पाणी
डोकं बाहेरच ठेवा. सिला ही फ्रिगेट २७ मार्च २००४ ला मुद्दाम बुडवली, डायव्हरांसाठी भोकं पाडून. म्हणून लोकांना ती सोपी वाटते. आता आत गाळ साचलाय, पत्रे गंजलेत. पायातल्या फिनचा एक फटका बसला की दार दिसेनासं होतं.

आणि काही उचलून आणू नका. आणलंच तर १९९५ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे २८ दिवसांत 'रिसीव्हर ऑफ रेक' या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. पितळेचा नट असला तरी.

बुधवारवाली
पबबद्दल: जा. शनिवारच्या जोड्या, हवामान, कोणाच्या गाडीमागे बोट लागणार, हे सगळं तिथंच ठरतं. लेमोनेड प्या, कोणी ढुंकूनही बघत नाही. फक्त राउंडची पद्धत सांभाळा: कोणी तुमचं पेय आणलं, की पुढची पाळी तुमची. लेमोनेडवाल्यांचीही. नको असेल तर सुरुवातीलाच 'मी माझं माझं घेतो' म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही.

त्याहून महत्त्वाचं, परतल्यावर गोड्या पाण्याने बोट धुवायला आणि इंजिन फ्लश करायला थांबा. कॉम्प्रेसरवर हवा भरायची पाळी मागून घ्या. क्लबमध्ये पुढच्या ट्रिपची जागा कोणाला मिळते, हे बहुतेक तिथंच ठरतं.

शाकाहारी असाल तर डबा घरून न्या. बोटीवर फिरतो तो बेकन रोल. आणि व्हिट्सँड बे नैर्ऋत्येला उघडा आहे. नैर्ऋत्येचा वारा चार-पाच दिवस वाहिला असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ट्रिप रद्द झाल्याचा मेसेज येईल, तेव्हा मेसेज बघूनच डबा करा.