विषय: १०० चा प्लॅन, गेम ११ नेच उतरतोय (सांगली)

प्रेषक: सचिव
मंडळी, शनिवारच्या स्पर्धेचा गेम विश्रामबागच्या फ्लॅटवर उतरवायचाय, ६० जीबी. नेटचा प्लॅन १०० चा, स्टीमवर (गेम उतरवायचं ॲप) ११ दिसतात. नेटवाला म्हणतो लाईन ओके. भांडायचं का?

प्रेषक: तात्या
कशाला भांडताय, लाईन ओकेच आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये, स्टीम मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे वरची मर्यादाच साडेबारा. त्यातले पाच-सहा टक्के पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे पत्त्याबित्त्याच्या माहितीत जातात. ११ म्हणजे भरून पावलं. दीड तास धरा. पटत नसेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली वेग बिट्समध्ये दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा.

प्रेषक: अण्णा, लंडन
मग सांगलीवाडीला ३०० चा प्लॅन आहे, तिथेही ११ च कसे?

प्रेषक: तात्या
तिथे ३५ यायला हवेत. नेमकं ११ ला अडकलं की वायर बघायची. विंडोजमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड बघा, १०० असेल. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, केबलच्या आठही तारा लागतात. क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, एक सुटली की लिंक गुपचूप १०० वर येते. कॅट ५ई ची नवी पॅचकॉर्ड (तयार प्लगची केबल) लावा. तरी १०० च, तर राउटरचं पोर्टच तेवढं. स्वस्तातल्या राउटरला तसंच असतं.

प्रेषक: अण्णा, लंडन
वायर सोडा. स्टीममध्ये डाउनलोड रीजन, म्हणजे गेम कुठल्या शहरातून यायचा ते, लंडन ठेवा, इकडचे सर्व्हर दणकट.

प्रेषक: तात्या
अण्णा, नको! लंडनमध्ये सेट केलेल्या लॅपटॉपवर तेच राहून जातं. मुंबई करा. लांबच्या सर्व्हरशी एखादं पॅकेट पडलं तरी वेग आपटतो आणि सावरायला वेळ घेतो. स्पीडटेस्ट जवळच्या, बरेचदा नेटवाल्याच्याच सर्व्हरशी होते, म्हणून तिथे झकास दिसतं.

प्रेषक: खजिनदार
तांत्रिक प्रश्न तांत्रिक समितीच्या लिस्टवर टाकायचं ठरलं होतं ना?

प्रेषक: सचिव
समिती म्हणजे तात्याच की. रीजन मुंबई केलं. पण वेग मधेच शून्यावर जातो.

प्रेषक: तात्या
जुनी हार्डडिस्क आहे ना? स्टीम फाइली दाबून पाठवतं, त्या उलगडून लिहायचं काम प्रोसेसर आणि डिस्कचं. स्टीमच्या डाउनलोडच्या आलेखात नेट खाली आणि डिस्क वर असेल, तर राउटर बंद-चालू करत बसू नका. एसएसडीवर (वेगवान डिस्क) जागा करा, नाहीतर चालू द्या तसंच, उतरेल.