बी-साइड ऐकल्याशिवाय सिंगल ठेवून देऊ नका
सात इंची सिंगलची, म्हणजे बहुधा एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीची, दुसरी बाजू (बी-साइड) बहुतेक भरतीचीच असते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ‘कुंग फू फाइटिंग’चंच बघा, 1974 सालचं. निर्माता बिद्दू, आपल्या बंगळुरूचा. गायक कार्ल डग्लसचं हे गाणं मुळात बी-साइडसाठी होतं. सगळा वेळ मुख्य गाण्यात गेला आणि हे शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. पण रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने दोन्ही ऐकून बाजूच उलटवली. इंग्लंड-अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे याच बिद्दूने 1980 मध्ये ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतलं.

मी नाशिकच्या भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत चकरा मारतो, तेव्हा तबकडी दोन्ही बाजूंनी तिरक्या उजेडात धरून बघतो. पहिल्या बाजूवर ओरखडेच ओरखडे आणि दुसरी कोरी करकरीत, असं कितीदा दिसतं! म्हणजे आधीच्या मालकाने ती कधी उलटवलीच नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडेही वाचा. ती कोणत्या मूळ साच्यावरून निघाली, ते त्यावरून कळू शकतं.

आणि हो, कव्हरवर पेनाने लिहिलेलं नाव, तारीख किंवा ‘वाढदिवसानिमित्त’ असं काही असेल तर ते कव्हर टाकून देऊ नका. नव्या पांढऱ्या पाकिटात तबकडी जपली जाते, ते खरं. मग जुनं पाकीट तिच्या मागे ठेवा.