मिग-२१ चं प्लॅस्टिक किट : बाबांच्या पेटीतली हत्यारं चालतील का?

नमस्कार मंडळी,

बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोरून न हलता पाहिला. म्हणून त्यांच्यासाठी १/७२ मापाचं मिग-२१ एमएफचं किट मागवलंय. खोकं उघडल्यावर पहिला शेरा: "हे एमएफ. आपण बनवायचो ते एम, टाइप ९६. असू दे, भावंडंच आहेत." म्हणजे पसंत आहे!

खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे या मापात जेमतेम १० सेंटिमीटर. भाग इतके बारीक की काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. आम्ही दोघंही या छंदात नवखे. पण बाबांच्या पेटीत सुईकानशींचा संच, टोकदार चिमटे, स्क्रायबर, व्हर्नियर असं बरंच आहे आणि "नवीन काही घ्यायचं नाही" असा हुकूम आहे. तर:

१. फ्रेममधून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) भाग सोडवायला घरातला वायर कटर चालेल का?
२. लोखंडावरच्या कानशी प्लॅस्टिकवर वापरायच्या का?
३. फेविक्विकने जोडलं तर काय बिघडेल?
४. बाबांना रंगवलेलं नको, नुसत्या पत्र्याचं चकचकीत हवंय. एअरब्रश नाही. जमेल?

प्रतिसाद १

काकांना नमस्कार सांगा. हुकूम थोडा मोडावा लागेल.

वायर कटर नको. त्याची पाती दोन्हीकडून जाड असतात, प्लॅस्टिक चेपतं आणि भागावर पांढरा डाग उठतो. चंदेरी रंगाखाली तो खड्डा हमखास दिसतो. एका बाजूने सपाट असलेला छोटा निपर (प्लॅस्टिक कापायचा चिमटा) घ्या. तोही भागाला लावून दाबायचा नाही. आधी थोडं देठ ठेवून कापा, मग उरलेलं हॉबी नाइफच्या ११ नंबरच्या टोकदार पात्याने हळूहळू तासा.

सुईकानशी मात्र सोनं आहेत, बारीक दाताच्या असतील तर. फक्त प्लॅस्टिकचा चुरा दातांत भरतो आणि भरलेली कानस कापत नाही, नुसती ओरखडते. जुना टूथब्रश शेजारी ठेवा. लोखंड घासलेल्या कानशी आधी नीट साफ करा. शेवटचा हात वॉटर पेपरचा, पाण्यात बुडवून: ४०० नंबर, मग ८००, मग १०००. चंदेरी करायचं असेल तर २००० पर्यंत जा.

डिंकाबद्दल सविस्तर सांगतो, कारण नवखे तिथेच अडकतात. फेविक्विक दोन भागांना धरून ठेवतं. पातळ मॉडेल सिमेंट प्लॅस्टिकच विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतं. भाग कोरडेच जुळवून धरायचे, फटीला ब्रश टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो. बोट फटीवर नको, नाहीतर ठसा कायमचा. खिडकी उघडी ठेवा. कॉकपिटच्या काचेला यातलं काहीही लावू नका: सिमेंटने काच विरघळते, फेविक्विकच्या वाफेने धुरकट होते. तिथे साधा फेविकॉल, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. फेविक्विक लागेल ते धातूचे पातळ भाग दिले असतील तर.

प्रतिसाद २

वरच्यांनी तयारीचं सांगितलं नाही. सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ राहिला तर रंग धरत नाही. धुताना सिंकच्या जाळीवर फडकं टाका, बारीक भाग पळतात.

नाकात वजन लागेल का ते किटच्या सूचनापत्रिकेत आधीच बघा. पुढचं चाक असलेलं विमान बऱ्याचदा शेपटीवर बसतं आणि नाक चिकटवल्यावर वजन घालायला जागा नसते. मासेमारीचं शिसं चालतं, हात धुवा म्हणजे झालं.

आता पत्र्याचा रंग. ब्रशने चंदेरी रंग मारू नका, पट्टे दिसतात. स्प्रे कॅनने जमतं, पण चंदेरी रंग काहीही लपवत नाही, म्हणून आधी राखाडी प्रायमर मारून ओरखडे शोधा. पावसाळी दमट हवेत लॅकरचा स्प्रे पांढुरका पडतो. नाशिकला आत्ता पाऊस असेल तर जोडकाम करा, रंग उघडीप मिळाल्यावर. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलात तर फवारा एकसारखा पडतो. कोमट म्हणजे कोमटच, गॅसवर नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. निपर आणि सिमेंट मंजूर झालं, बाकी "पेटीतलंच वापरू". बाबांनी सगळ्या कानशी काढून घासायला घेतल्यात आणि व्हर्नियरने पंख मोजून "९९ मिलिमीटर आहे, बरोबर आहे" असं जाहीरही केलं.

एक प्रश्न राहिला. खोक्यातले डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) परदेशी हवाई दलांचे आहेत. बाबांना केशरी-पांढरा-हिरवा गोल हवाच. १/७२ मापातले भारतीय डीकल इथे कोणी मागवलेत का? आणि स्प्रेच्या चंदेरीवर ते लावण्याआधी वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारायचा की नाही?