डॉक्टर-नर्स न होताही पोरांच्या वॉर्डात काम करता येतं
तुमची भाची सायकॉलॉजीत बीए करतेय आणि तिला हॉस्पिटलात आजारी पोरांसोबत काम करायचंय, त्यासाठी काय करावं असं तुम्ही विचारलंत. बाकी सगळे तिला चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट (खेळातून, समजावून पोरांची उपचारांची भीती घालवणारे) व्हायला सांगतायत पण ते मुख्यतः अमेरिका-कॅनडाकडचं, तिकडे सर्टिफिकेटसाठी 600 तासांची इंटर्नशिप लागते, आपल्याकडे त्या नावाची पोस्ट क्वचितच निघते हो. इथला सरळ रस्ता एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातली मास्टर्स), मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) नाहीतर निर्मला निकेतन कॉलेज, मग हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर.

पण आधी व्हॉलंटियरिंग करू दे. परळला टाटा (कॅन्सरचं हॉस्पिटल) आणि वाडिया (मुलांचं हॉस्पिटल) दोन्ही जवळजवळ, शिवाय सेंट ज्यूड संस्थावाले बाहेरगावाहून आलेल्या कॅन्सरच्या मुलांना आईबापांसकट फुकट राहायला जागा देतात, तिथेही विचारा. आणि हे काम म्हणजे नुसते फुगे वाटणं नव्हे (वाढदिवसाला येऊन फोटो काढून जाणारे वेगळे!), सलाईनच्या आधी बाहुलीला सुई लावून दाखवायची, एमआरआयचा आवाज आधी ऐकवायचा, आणि दुखणार असेल तर दुखणार नाही असं मुळीच सांगायचं नाही, पोरं एकदा फसली की परत विश्वास ठेवत नाहीत. बाहेरगावच्या पोरांशी बोलायला हिंदी चांगली हवी, बंगाली आली तर सोन्याहून पिवळं. सर्दी असेल त्या दिवशी वॉर्डात जायचं नाही, केमोवाल्या पोरांना इन्फेक्शन परवडत नाही. पगार सुरुवातीला बेताचाच, ते घरी आधीच सांगून ठेवा.