मदत हवी आहे: जुन्या गाड्यांचा धंदा टाकतोय, कोऱ्या सह्यांवर गाडी घ्यायची की नाही?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरचा, वय ३४. बारा वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, त्यातली सहा स्वतःच्या शेडमध्ये. आता शेडसमोरच्या मोकळ्या जागेत चार-पाच जुन्या गाड्या ठेवून विकायचा विचार आहे. भांडवल आठ लाख.

गाडी ओळखण्याची काळजी नाही. दाराचं रबर ओढलं की कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगच्या टिकल्या दिसतात, गोल, एकसारख्या. मागून कुणी पत्रा बदलला असेल तर त्या तशा राहत नाहीत. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला असला की मी पुढचं बोलणंच थांबवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा, पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो. हे सगळं येतं. अडलोय कागदावर.

दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक गाडी मध्यस्थी करून विकून दिली. मालक म्हणजे मला सातवीला शिकवणारे गुरुजी. सगळे करतात तसं मीही केलं, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या आणि गाडी शिरपूरकडच्या एका पार्टीला दिली. नावावर करून घ्या म्हणून मागे लागलो, तर दरवेळी "करतो ना भाऊ, कापूस विकू द्या". कापूस विकला, नाव काही लागलं नाही. आठ महिन्यांनी त्या गाडीने मोटरसायकलवाल्याला उडवलं, विमा संपलेला. नोटीस आली गुरुजींच्या घरी. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

आता विचारायचं असं, की कोऱ्या सह्या न घेता हा धंदा होतो का? प्रत्येक गाडी आधी माझ्या नावावर केली तर खर्च वाढतो आणि आरसीवर एक मालकही वाढतो, गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. शिवाय एक मित्र म्हणतो, सुरतहून जीजे ०५ च्या गाड्या आण, स्वस्त पडतात. खरंच पडतात का?

धुळेकर
भो, तुझी अडचण २०२३ पासून सुटलीय, लोकांना माहीत नाही एवढंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र मिळतं. अर्ज फॉर्म २९ए, प्रमाणपत्र २९बी, पाच वर्षं चालतं. गाडी तुझ्या ताब्यात आली की तू आणि मालक मिळून पोर्टलवर २९सी भरायचा. तिथून पुढची जबाबदारी तुझी, आणि आरसीवर तुझं नाव चढवावं लागत नाही. मात्र ती गाडी घेऊन लग्नाला जायचं नाही. ट्रायल, दुरुस्ती अशा कामालाच बाहेर काढायची आणि फेरीची नोंद ठेवायची.

गुरुजींचं म्हणशील तर २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलं: गाडी किती का हात फिरेना, आरटीओत ज्याचं नाव तो मालक. वकील गाठ, उशीर करू नको.

हिशोबनीस
जीएसटी धरलास का? जीएसटीची नोंदणी असेल तर २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के, पूर्वी छोट्या गाड्यांना १२ होता. तीन लाखांना घेतली, तीन तीसला दिली, तर तीस हजारांवर ५,४०० रुपये. आता तुझ्यासारख्या डेंटरची गंमत बघ. त्या गाडीवर तू रंगाचे बारा हजार घातलेस तरी मार्जिन तीस हजारच धरतात, खरेदी आणि विक्रीतला फरक तेवढा बघतात. रंगाच्या सामानावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही नाही. म्हणून जास्त काम निघणारी गाडी घ्यायचा मोह आवर. तुला काम येतं म्हणूनच तो होणार.

सुरत रिटर्न
जीजेची गाडी दिसते स्वस्त. तिकडची एनओसी (फॉर्म २८), इथला रोड टॅक्स, नवा नंबर, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे सगळं होईपर्यंत गाडी तुझ्या अंगणात आणि पैसा तिच्यात अडकलेला. आठ लाखांत दोन गाड्या अशा अडकल्या तर आखाजीला विकायला काय ठेवशील? पहिलं वर्ष इथल्याच गाड्या कर.

तापीकाठ
भाऊ, पहिले गुरुजीस्ना घर जाई ये.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल गुरुजींकडे जाऊन आलो. चहा दिला, नोटिशीची झेरॉक्स दिली. वकिलाची फी मी भरतोय, तारखेला त्यांच्यासोबत जाणार. सुरतचं डोक्यातून काढलं.

धुळेकर भाऊ, २९ए बद्दल अजून एक. शेडची जागा वडिलांच्या नावावर आहे, धंदा माझ्या नावाने. त्यांचं संमतीपत्र पुरेल की भाडेकरार करून नेऊ? सोमवारी आरटीओत जातोय.