मदत हवी आहे: शेतरस्त्यावरचं कुंपण काढलं म्हणून वडिलांवर लाखावर नुकसानीचा गुन्हा

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते, आई-वडील सांगली जिल्ह्यात गावी असतात. आप्पांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४(५) खाली गुन्हा दाखल झालाय, सोबत ३५२ (अपमान करून चिथावणं) आणि ३५१(२) (धमकी) आहेत. त्यांनी आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही आणि आता रात्र रात्र झोपत नाहीत. कृपया जाणकारांनी सांगा.

आमच्या उसाच्या रानात जायला शेजारच्या गटाच्या कडेनं जुनी गाडीवाट आहे. आजोबांच्या बैलगाड्या तिथूनच जायच्या, आता ट्रॅक्टर जातो. शेजाऱ्यानं यंदा मोजणी आणली आणि वाटेवर आडवे सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. नेमकी तेव्हाच आमची तोड आली. टोळी रानात, ऊस तोडून पडलेला, ट्रॉली भरलेली आणि वाट बंद. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं वजन घटतं, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आप्पांनी शेजाऱ्याला विनवलं, पोलीस पाटलांना बोलावलं. काहीच होईना तेव्हा वाटेवरचे सहा खांब उपटून बांधाला रचून ठेवले, तार गुंडाळून तिथंच ठेवली आणि ट्रॅक्टर बाहेर काढला. तार कुठंही कापलेली नाही. भावानं मोबाईलवर सगळं चित्रीकरण केलंय. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं तेच खांब, तीच तार परत लावली.

फिर्यादीत मात्र पंचवीस खांब मोडले, तार तोडली, ठिबकच्या नळ्या फोडल्या, एकूण सव्वा लाखाचं नुकसान असं लिहिलंय. त्या कडेला ठिबक नव्हतंच! पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली आहे. अटक होईल का? "खांब मीच काढले" हे आप्पांनी मान्य करावं का? आणि आकडा खोटा आहे हे दाखवायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, मी तालुका कोर्टात फौजदारी कामं करतो. आधी अटकेचं सांगतो, म्हणजे घरचे निवांत होतील. तिन्ही कलमं जामीनपात्र आहेत, जामीन हा आप्पांचा हक्क आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं तर वेगळी कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकालही याच बाजूचा आहे. मात्र तारीख चुकवू नका. तब्येतीची अडचण असेल तर लेखी कळवून पोच घ्या.

आता खरा मुद्दा, आकडा. नुकसान २० हजार ते १ लाखाच्या आत असेल तर ३२४(४) लागतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि गुन्हा अदखलपात्र. मग दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. १ लाख गाठला की ३२४(५), शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. ३५२ आणि ३५१(२) एकटी असती तर एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) भागलं असतं. एक कलम दखलपात्र झालं की सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. सव्वा लाख हा आकडा कशासाठी आला ते यावरून कळेल. माझ्याकडे येणाऱ्या बांधाच्या भांडणांत हे वारंवार दिसतं आणि गरीब माणूस त्यात विनाकारण भरडला जातो.

म्हणून पंचनाम्याची नक्कल हातात येताच तिचा शब्द न् शब्द वाचा. किती खांब मोडलेले दिसले, नळ्या दिसल्या का, पंच कोण. फिर्यादीनं खरेदीची बिलं दिली आहेत का ते बघा. तेच खांब परत उभे आहेत ना? मग त्यांचे तारीख दिसेल असे फोटो आजच काढा, पण रस्त्यावरून, त्याच्या रानात पाय न ठेवता. नुकसान कोणतं आणि किती, हे सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम आहे.

कलम ३२४ मधल्या गुन्ह्याची व्याख्याही नीट बघा. या गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात: गैरनुकसान करण्याचा हेतू किंवा तसं होईल याची जाणीव, आणि मालमत्ता नष्ट होणं किंवा तिची किंमत वा उपयोग घटणं. खांब शाबूत, तार गुंडाळलेली, दुसऱ्या दिवशी तेच परत लावलेलं. वाटेवर आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे मानून केलेली कृती, हा आप्पांचा बचाव आहे. पण त्याला कागदाचा आधार लागतो. स्वसंरक्षणाचा मुद्दा पुढे करू नका. सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ होता असं दिसलं की तो टिकत नाही.

कबुलीबद्दल: पोलिसांपुढे हकीकत सांगण्याआधी वकिलांना भेटा. जबाबात न बोललेलं वाक्य घुसलं तर हरकत घ्या. चित्रीकरण असलेला मोबाईल जपून ठेवा, फॉरमॅट करू नका. कोर्टात ते दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

प्रतिसाद २

वकीलसाहेबांनी फौजदारी बाजू सांगितली. मी महसुलातून निवृत्त झालोय, म्हणून रस्त्याचं सांगतो. वाट जुनी, वापरातली आणि आता अडवलेली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती हातची घालवू नका. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून नवीन वाट मागण्यासाठी आहे. पुष्कळ लोक चुकीच्या कलमाखाली अर्ज देतात आणि वर्षभर हेलपाटे घालतात. भूमी अभिलेखातून गाव नकाशा काढा, त्यावर गाडीवाट दाखवलेली असते. शेजाऱ्याच्या मोजणीची क प्रतही (मोजणीचा नकाशा) बघा. मोजणीनं हद्द ठरते, वहिवाटीची वाट मिटत नाही. तहसीलदारांच्या स्थळपाहणीत वाट दिसली की फौजदारी केसमध्येही तो कागद उपयोगी पडेल.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आप्पांना हे वाचून दाखवलं, आज व्यवस्थित जेवले. गाव नकाशात वाट आहे असं काका सांगतात, सोमवारी भाऊ नकला मागायला जातोय. एक विचारायचं राहिलं. गावातली मंडळी मिटवून घ्या म्हणतायत. तडजोड झाली तर केस संपते का?

प्रतिसाद १

आपोआप नाही. ३२४(५) असेल तर दोघांच्या संमतीनं उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यावा लागेल. तुमचा जिल्हा कोल्हापूर सर्किट बेंचकडे येतो, ते ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, मुंबईला जायला नको. तडजोडीत वाट मोकळी राहील हे लेखी घ्या. पैसे द्यायचे ठरले तर "नुकसान केलं म्हणून" असं लिहून देऊ नका. आणि मिटवायची बोलणी चालू आहेत म्हणून तहसीलचा दावा थांबवू नका.